वाफेच्या पाइपांतले पहाटेचे ठोके: बॉयलर न बदलता थांबतील का?

सावली | शनिवार, सकाळी ७:१२

नमस्कार मंडळी. या घरात राहायला येऊन आम्हाला चारच महिने झालेत. घर जुनं आणि गरम ठेवायची सोय वाफेची. तळघरात बॉयलर, त्यातून निघालेले मनगटाएवढे जाड लोखंडी पाइप आणि खोल्याखोल्यांत बिडाचे रेडिएटर. थंडी सुरू झाली तशी आवाजांनी झोप उडवली आहे. पहाटे साडेचारला टायमर लागतो. आठ-दहा मिनिटं शांततेत जातात आणि मग बैठकीच्या खोलीखालून घणाचे घाव पडावेत तसे पंधरा-वीस ठोके. आई माझ्याकडे असते, वय ७८. ती दचकून उठते आणि नंतर तिची छाती बराच वेळ धडधडत राहते.

याशिवाय वरच्या मजल्यावर आईच्याच खोलीतला रेडिएटर आतल्या आत खळखळतो. त्याच्या बाजूला एक छोटी चकचकीत शिट्टीसारखी वस्तू आहे, ती अधूनमधून पाणी थुंकते. भिंतीतून येणारी टिकटिक वेगळीच.

एक तंत्रज्ञ येऊन गेले. पाच मिनिटं पाहिलं आणि 'बॉयलर जुना झालाय, बदलून टाका' म्हणाले. बदलल्यावर आवाज जातील का, असं विचारलं तर खात्री देईनात. इथे वाफेच्या हीटिंगसोबत राहिलेलं कोणी आहे का? काय तपासू, कुठून सुरुवात करू?

रानपाखरू | शनिवार, सकाळी ९:४०

सावली, अगदी हेच भोगलंय. आमच्याकडे पाहुणे मुक्कामाला यायला घाबरायचे. बॉयलरचा निर्णय घाईने घेऊ नकोस. आधी एक साधी गोष्ट बघ: रेडिएटरच्या खालच्या बाजूला जो फिरवायचा व्हॉल्व्ह असतो तो एखाद्या खोलीत अर्धवट उघडा आहे का? आमच्या तीन आवाजांपैकी एक नुसता तो पूर्ण उघडून गेला होता.

ओळंबा | शनिवार, सकाळी ११:०५

सावलीताई, मी तीस वर्षं बॉयलर आणि वाफेच्या पाइपांचं काम केलं, आता निवृत्त आहे. आवाज बॉयलरमधून येत नाहीत, पाइपांतून येतात. बॉयलर बदलला आणि पाइप तसेच राहिले तर नवा बॉयलर त्याच पाइपांवर तेच ठोके देईल. उलट नवा बॉयलर गरजेपेक्षा मोठा बसवला तर वाफ आणखी जोरात सुटेल आणि ठोके वाढतील. वाफेच्या बॉयलरचं माप घराच्या चौरस फुटांवरून काढायचं नसतं, सगळ्या रेडिएटरांची बेरीज करून काढायचं असतं. ज्यांनी रेडिएटर मोजलेच नाहीत त्यांच्या सल्ल्यावर बॉयलर बदलू नका.

आता मला चार गोष्टी सांगा. प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप जोडलाय की दोन्ही टोकांना एकेक? ठोका नक्की केव्हा पडतो: वाफ चढताना, मध्येच, की बॉयलर बंद झाल्यावर? कुठे पडतो? आणि बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असेल, तिच्यात पाणी किती दिसतं आणि बॉयलर चालू असताना ते किती हलतं?

आवाजाची वेळ म्हणजे अर्धं निदान असतं. वाफ चढतानाच ठोके पडले तर आधीपासून कुठे तरी पाणी साचून बसलंय. मध्येच पडायला लागले तर वाफ ओली येतेय किंवा परतीची वाट तुंबलीय. बॉयलर बंद झाल्यावर पडले तर बॉयलरजवळच्या परतीच्या जोडाकडे बघायचं.

चौकट | शनिवार, दुपारी १२:३०

ओळंबाकाकांच्या 'पाणी साचून बसलंय' या वाक्यामागचं कारण लिहितो. ते कळलं की पुढचं प्रत्येक काम का करायचं हे आपोआप कळतं.

पाण्याची वाफ झाली की वातावरणाच्या दाबाला ती साधारण १,७०० पट जागा व्यापते. रेडिएटरमध्ये ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि ते पाणी उतारावरून बॉयलरकडे परत जायला हवं. एखाद्या ठिकाणी पाइप खाली झुकला असेल तर तिथे डबकं तयार होतं. पहाटे वाफ सुटते, घरगुती पाइपातही ती ताशी ५०–६० किलोमीटरच्या वेगाने सहज धावते. डबक्यावरून जाताना ती पाण्याला लाटेसारखी उचलते, लाट पाइपाच्या छताला टेकली की पाण्याचा बोळा तयार होतो आणि वाफ त्याला गोळीसारखी पुढे ढकलते. पुढच्या वळणावर तो बोळा आदळतो. हा एक ठोका.

दुसरा प्रकार याहून जोरदार. थंड पाण्याने वेढलेला वाफेचा बुडबुडा क्षणात विरतो. १,७०० भाग जागा व्यापणारी वाफ एका भागात आली की मागे जवळजवळ पोकळी उरते आणि दोन्ही बाजूंचं पाणी तिथे धावत येऊन एकमेकांवर आपटतं. सावलीला बैठकीखाली ऐकू येतो तो बहुतेक हाच. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं वाटतं, पण आपटतं ते पाणी. म्हणून हे नुसतं गैरसोयीचं नाही, जोड सैल होतात आणि त्या शिट्ट्या, म्हणजे हवा सोडणारे व्हेंट, आतून मोडतात.

सावली | शनिवार, रात्री ९:१५

इतक्या आपुलकीने लिहिलंत, मनापासून आभार.

प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप आहे. बैठकीखालचे ठोके वाफ चढतानाच पडतात, एकदा सगळं गरम झालं की नाही. काचेत पाणी अर्ध्याच्या थोडं वर आहे. चालू असताना ते नाचतं, दोन बोटं वरखाली होतं. आणि रानपाखरू, तुझं बरोबर निघालं! आईला खोली फार गरम वाटायची म्हणून तिने व्हॉल्व्ह निम्मा बंद करून ठेवला होता. आता पूर्ण उघडलाय.

ओळंबा | रविवार, सकाळी ८:२०

आईंची चूक नाही, पाण्याच्या नळासारखा दिसणारा व्हॉल्व्ह माणूस नळासारखाच वापरणार. पण एका पाइपाच्या पद्धतीत वाफ ज्या पाइपातून वर येते त्याच पाइपातून पाणी खाली उतरतं. व्हॉल्व्ह अर्धा लावला की वाफ फटीतून जोरात आत शिरते आणि पाण्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून तो एक तर पूर्ण उघडा, नाही तर पूर्ण बंद. मधलं काही नाही. खोली कमी गरम हवी असेल तर हवा हळू सोडणारा व्हेंट लावा. हवा हळू निघाली की वाफ हळू शिरते, रेडिएटर निम्माच भरतो.

आता पाणसळ घ्या आणि आईंच्या खोलीतल्या रेडिएटरवर ठेवा. तो व्हॉल्व्हकडे किंचित कललेला हवा. जुन्या घरांत जमीन बसते, बिडाचे पाय लाकडात रुततात आणि उतार उलटा होतो. मग पाणी व्हेंटच्या टोकाला साचतं, खळखळतं आणि व्हेंटमधून थुंकलं जातं.

पायाखाली पातळ पाचर द्यायची, पण हे एकट्याने करू नका. बिडाचा रेडिएटर चार माणसांना भारी पडतो आणि थंड असतानाच हात लावायचा. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात: नुसतं व्हेंटचं टोक उचलू नका, दोन्ही टोकं उचला, व्हेंटकडचं थोडं जास्त. जमिनीखाली या रेडिएटरला जाणारा आडवा पाइप असतो, तोही घराबरोबर बसलेला असतो. व्हॉल्व्हची बाजू अर्धा इंच उचलली की तो पाइपही वर येतो आणि फळ्या न उखडता त्याचा उतार सुधारतो. मात्र जोडावर ताण येतोय असं वाटलं तर तिथेच थांबा.

अंगणवेल | रविवार, सकाळी १०:५०

एक शंका. आमच्याकडे वरच्या खोल्या लवकर गरम होत नव्हत्या तेव्हा आलेल्या माणसाने दाब वाढवून दिला. दाब जास्त असेल तर पाणी पुढे ढकललं जाऊन आवाज कमी होणार नाही का? आमच्या बॉयलरवर दाब ठरवणारा डबा आहे, त्यावर ५ लिहिलंय.

ओळंबा | रविवार, सकाळी ११:३५

नाही, अंगणवेल. याच समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केलंय. घरगुती वाफेला दर चौरस इंचाला दीड-दोन पौंड दाब पुरे होतो. चालू व्हायचा आकडा अर्धा पौंड आणि फरक एक पौंड, म्हणजे दीड पौंडाला बंद. वरच्या खोल्या उशिरा गरम होत असतील तर बहुधा मुख्य पाइपाच्या टोकाचा हवेचा व्हेंट तुंबलेला असतो. हवा बाहेर जात नाही म्हणून वाफ आत येत नाही. तिथे दाब वाढवणं म्हणजे दार न उघडता माणसांना ढकलत राहणं.

आणि दाबाचा परतीच्या पाण्यावर काय परिणाम होतो बघा. १ पौंड दाब पाण्याला २८ इंच वर उचलून धरतो. बॉयलरमध्ये जितका दाब, तितकं परतीच्या उभ्या पाइपातलं पाणी वर चढून बसतं, कारण बॉयलरमध्ये शिरायला त्याला तेवढी उंची लागते. मुख्य पाइपाच्या टोकाला वाफ पोचेपर्यंत दाब थोडा कमी होतो, म्हणून एरवी भागून जातं. पण दाब वाढवलात, त्यात पाइप आवरणाशिवाय उघडे असले आणि परतीच्या वाटेत गाळ असला तर पाणी चढत चढत मुख्य पाइपात येतं आणि तिथून ठोके सुरू होतात.

दाब खाली आणायच्या आधी दाबाच्या डब्याखालची डुकराच्या शेपटीसारखी वळलेली नळी साफ करून घ्या. ती गाळाने बंद झालेली असते आणि मग डब्याला आतला दाब कळतच नाही. ज्वलनाच्या किंवा विजेच्या जोडांना मात्र परवानाधारक माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

सावली | मंगळवार, रात्री १०:०२

पाणसळीने उतार बघितला, खरंच उलटा होता! बुडबुडा सरळ भिंतीकडे. धाकटा भाऊ आणि शेजारी मिळून दोन्ही टोकं उचलली, खाली धातूच्या चकत्या दिल्या. कालपासून आईच्या खोलीत खळखळ नाही, थुंकणंही थांबलं. फक्त हलका सुस्कारा येतो आणि बंद होतो. तो योग्य असतो असं वाचलंय.

दाबाच्या डब्यावर ४ होता. माझी हिंमत झाली नाही, नळीसकट दुरुस्त करायला माणूस बोलावलाय.

बैठकीखालचे ठोके मात्र जसेच्या तसे. आज पहाटे मुद्दाम तळघरात जाऊन उभी राहिले. आठव्या मिनिटाला सुरू झाले. आवाज सगळीकडून येतो, नेमकी जागा कळत नाही.

ओळंबा | बुधवार, सकाळी ७:४५

लोखंडात आवाज पसरतो, कान फसतो. दोरी घ्या. मुख्य पाइपाच्या सुरुवातीपासून टोकापर्यंत, पाइपाच्या वरच्या कडेला धरून ताणून बांधा. पाइप आणि दोरी यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. मध्येच ते वाढून पुन्हा कमी झालं तर तिथे झोळ आहे.

उतार किती हवा ते ध्यानात ठेवा. वाफ आणि पाणी एकाच दिशेने जात असतील तर दर २० फुटांना किमान १ इंच. पाणी वाफेच्या उलट दिशेने परतत असेल तर दर १० फुटांना १ इंच, कारण पाण्याला वाफेच्या तोंडावरून जायचं असतं. मुख्य पाइपापासून रेडिएटरकडे फुटणाऱ्या आडव्या फांद्यांना याहून जास्त द्यायचा, फुटाला अर्धा इंच.

आणखी दोन जागा डोळ्यांनी बघा. पाइपाचं माप जिथे लहान होतं तिथला जोड दोन्ही बाजूंनी सारखा निमुळता असेल तर त्याच्या मागे तळाशी पाणी अडतं, खालची बाजू सपाट असलेला जोड हवा. आणि कोणी कधी आडव्या पाइपावर गोल पोटाचा व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्याच्या आत उंबरा असतो, पाणी त्या उंबऱ्यामागे थांबतं.

पाइपांवर आवरण आहे का? कुठे पांढरं, प्लॅस्टरसारखं, कापडात गुंडाळलेलं काही दिसतंय का?

सावली | बुधवार, रात्री ११:३०

काका, सापडलं! दोरी बांधली आणि बैठकीच्या बरोबर खाली, जुन्या कपाटाच्या मागे, बारा-एक फुटांच्या पट्ट्यात पाइप मधोमध जवळजवळ एक इंच खाली आलाय. छताला लोखंडी पट्टीचा टांगा होता, तो गंजून तुटलाय, अर्धी पट्टी अजून लोंबतेय. कोणाच्या लक्षात यायचं कारणच नाही, कपाट घराच्या आधीच्या मालकांनी ठेवलेलं.

त्या पट्ट्यापासून पुढे वीसेक फूट पाइप पूर्ण उघडा आहे. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तुम्ही म्हणता तसं पांढरं आवरण आहे, एका ठिकाणी कडेने फाटलेलं. मी बोटाने दाबून पाहणार होते, मग तुमचा प्रश्न आठवला आणि थांबले.

रानपाखरू | गुरुवार, सकाळी ६:५५

बरं झालं थांबलीस! हात लावू नको, झाडू नको, त्याखाली झाडूनही काढू नको. जुन्या पाइपांवरचं तसं आवरण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसांत गेले की वर्षानुवर्षांनी आजार देतात. नमुना तपासायला देणारी आणि काढणारी परवानाधारक माणसं वेगळी असतात. फाटलेला भाग तर आधी बघून घे. आईला सध्या तळघरात जाऊ देऊ नकोस.

तुझा वीस फुटांचा पट्टा उघडा का आहे याचाही अंदाज येतो. कोणी तरी तेवढं आवरण काढून टाकलं असणार आणि नवं घातलंच नाही. आमच्याकडे तस्संच झालं होतं.

चौकट | गुरुवार, दुपारी १:१०

इथे थोडा वेगळा मुद्दा मांडतो. उघड्या पाइपाने तळघर उबदार राहतं, वरची जमीन पायाला गार लागत नाही. झोळ काढला तर पुरे नाही का? आवरणाचा खर्च नंतर केला तरी चालेल असं मला वाटतं.

ओळंबा | गुरुवार, संध्याकाळी ६:२५

चौकट, तुमचं भौतिकशास्त्र माझ्यापेक्षा पक्कं आहे, पण इथे मी सहमत नाही. उघडा पाइप झाकलेल्या पाइपाच्या चार-पाच पट उष्णता घालवतो. ती उष्णता वाफेतून जाते, म्हणजे त्या पट्ट्यात चार-पाच पट पाणी तयार होतं. ज्यांनी हे पाइप टाकले त्यांनी पाइपाचं माप आवरण धरून काढलं होतं. आवरण काढलं की त्याच पाइपात इतकं पाणी वाहतं की उतार नीट असूनही ठोके पडलेले मी पाहिलेत. तळघर गरम हवं तर तिथे रेडिएटर लावावा.

सावलीताई, क्रम असा ठेवा. ॲस्बेस्टॉसची तपासणी आधी. त्या माणसांनी परवानगी दिल्यावर टांगा. एक नाही, दर आठ-दहा फुटांवर टांगा घाला, वरखाली करता येणारा. पाइप एकदम उचलू नका, प्रत्येक टांगा थोडाथोडा फिरवत वर घ्या. आणि मग निदान एक इंच जाडीचं काचतंतूचं आवरण, वाफेच्या पाइपासाठी असतं ते. गरम पाण्याच्या नळांना घालतात तो काळा फोम नको, तो वाफेच्या उष्णतेला वितळतो.

चौकट | गुरुवार, रात्री ८:४०

पटलं. तयार होणाऱ्या पाण्याचा विचार मी केलाच नव्हता, फक्त उष्णता कुठे जाते तेवढंच पाहिलं. सावली, माझा वरचा सल्ला सोडून दे.

निरंतर | शुक्रवार, सकाळी ९:००

धागा मन लावून वाचतोय, माझा प्रश्न इथेच विचारतो. आमच्याकडे प्रत्येक रेडिएटरला दोन पाइप आहेत, व्हेंट नाहीत. ठोके परतीच्या बारीक पाइपांतून येतात आणि तीन खोल्या धड गरमच होत नाहीत. इथेही उतारच का?

ओळंबा | शुक्रवार, सकाळी ११:१५

निरंतर, तुमच्या बाबतीत आधी रेडिएटरच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचे ट्रॅप बघा. त्या पितळी तुकड्याचं काम एकच: पाणी आणि हवा जाऊ द्यायची, वाफ अडवायची. आतलं पातळ धातूचं अंग उष्णतेने फुगून तोंड बंद करतं. ते फाटलं की ट्रॅप उघडाच राहतो आणि वाफ परतीच्या पाइपात शिरते. तिथे इतरांचं गार झालेलं पाणी असतंच, दोघांची गाठ पडली की ठोका. आणि परतीच्या पाइपात वाफ भरली की बाकीच्या रेडिएटरांतली हवा निघायला वाट उरत नाही, म्हणून त्या तीन खोल्या गार. बिघाड गार खोलीत शोधू नका, जी खोली सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त तापते तिथे शोधा.

सगळे तापल्यावर प्रत्येक ट्रॅपच्या पलीकडे पाइपाचं तापमान मोजा. पलीकडेही वाफेइतकंच, शंभर अंशांच्या आसपास असेल तर तो गेला. पितळी अंग बदलायची गरज नसते, आतला भाग मिळतो. जमलं तर सगळेच एकदम बदला. एक फाटला की त्याच्या ठोक्यांनी शेजारचे फाटतात.

सावली | रविवार, दोन आठवड्यांनी, सकाळी ६:४०

मधे काही लिहिलं नाही, कारण काम चालू होतं. फाटलेलं आवरण ॲस्बेस्टॉसचंच निघालं. ती माणसं येऊन सगळं बंदिस्त करून काढून गेली. मग तीन टांगे घातले, दोरी धरून अर्ध्या दिवसात पाइप वर घेतला आणि पूर्ण लांबीवर नवं आवरण घातलं. दाबाची नळी अक्षरशः मातीने गच्च होती, साफ करून दाब दीडवर आणलाय.

काल पहाटे मी सव्वाचारपासून जागी होते. साडेचार झाले, पावणेपाच, पाच. बैठकीखालून एकही ठोका नाही. आई साडेसहाला उठली आणि विचारत होती, आज हीटिंग बंद ठेवलंस का? मला रडूच आलं.

दोन गोष्टी राहिल्यात. बॉयलर बंद झाला की एक-दोन मिनिटांत बॉयलरच्या अगदी जवळ एक ठोका पडतो, पूर्वी बाकीच्या गोंधळात कळला नसेल. आणि काचेतलं पाणी अजून नाचतं, वरच्या भागात काचेला तेलकट थेंब दिसतात.

ओळंबा | रविवार, सकाळी ९:३०

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. फार बरं वाटलं.

तेलाचं आधी सांगतो. नवे जोड बसवताना आटे पाडायला तेल वापरतात, ते हळूहळू बॉयलरमध्ये उतरतं आणि पाण्यावर तरंगतं. त्याच्या सायीतून वाफेचे बुडबुडे फुटताना पाणी उसळतं आणि वाफेबरोबर वर जातं. म्हणून वाफ ओली. खालचा नळ उघडून पाणी काढल्याने तेल जात नाही, पाणी उतरताना ते आतल्या भिंतींना चिकटून बसतं. ते वरून काढावं लागतं. बॉयलरच्या अंगावर पाण्याच्या पातळीजवळ एक बुच असतं, तिथे बाहेर येणारा पाइप लावायचा, पाणी कोमट करायचं, उकळू द्यायचं नाही, आणि आत अगदी हळू पाणी सोडत पेन्सिलीएवढी धार तासन्‌तास बाहेर वाहू द्यायची. घाई केली की वरचा थर ढवळला जातो. एकदा करून भागेलच असं नाही. शेवटी पाणी पातळीवर आणून एकदा उकळी काढा, ताज्या पाण्यातला प्राणवायू लोखंड खातो, तो निघून जातो.

बंद झाल्यावरचा ठोका: बॉयलरजवळ परतीचा पाइप वर चढून एका उभ्या पाइपाला मिळतो, त्या रचनेला हार्टफर्ड लूप म्हणतात. परतीचा पाइप फुटला तरी बॉयलर रिकामा होऊ नये म्हणून ती असते, १९१९ साली त्या नावाच्या बॉयलर विमा कंपनीने ती सुचवली. तिथला जोडतुकडा शक्य तितका आखूड हवा. लांब असला, किंवा पाण्याची पातळी खाली गेली, की तिथे वाफ आणि परतीचं पाणी समोरासमोर येतं. आधी सोपं करून बघा: बॉयलर थंड असताना काचेत पाणी दोन तृतीयांशावर आणा.

पण हे कायम लक्षात ठेवा: काचेत पाणी दिसतच नसेल आणि बॉयलर तापलेला असेल तर थंड पाणी कधीही सोडायचं नाही. तापलेलं बीड तडकतं, त्याहून वाईटही होऊ शकतं. बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. आणि पाणी कमी झाल्यावर ज्योत बंद करणारा तरंगता खटका असेल तर थंडीभर दर आठवड्याला बॉयलर चालू असताना त्याचा नळ उघडा. ज्योत विझली पाहिजे. नाही विझली तर त्याच दिवशी माणूस बोलवा.

अंगणवेल | रविवार, दुपारी ४:०५

आमचा दाब ५ वरून दीडवर आणला आणि मुख्य पाइपाच्या टोकाचा व्हेंट बदलला, जुना फुंकूनही हवा जात नव्हती. वरच्या खोल्या आता खालच्यांबरोबर तापतात. धाग्याला आणि काकांना धन्यवाद.

टिकटिकीवर कोणी लिहिणार होतं का? आमच्याकडेही आहे.

चौकट | रविवार, संध्याकाळी ५:३०

टिकटिक पाण्याची नाही, लोखंडाच्या वाढण्याची. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं. खोलीच्या तापमानापासून शंभरापर्यंत गेलं की दहा मीटर पाइप जवळजवळ एक सेंटीमीटर लांब होतो. तो मोकळा असेल तर गुपचूप सरकतो. तुळईला किंवा फळीच्या भोकाच्या कडेला घासत असेल तर अडकत-सुटत सरकतो, प्रत्येक सुटण्याला एक टिक. गार होतानाही येते, ही तिची ओळख. जिथे घासतो तिथे पाइप आणि लाकूड यांच्यात उष्णता सोसणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी सरकवायची, भोक तंग असेल तर थोडं मोठं करायचं.

निरंतर | सोमवार, रात्री ९:५०

मोजलं. अकरा ट्रॅपपैकी जिन्याखालचा आणि स्वयंपाकघरातला, दोन्हींच्या पलीकडे ९८–९९ अंश. बाकीचे नऊ ७० ते ८० च्या दरम्यान. आणि काका, स्वयंपाकघर हीच आमची सगळ्यांत आधी तापणारी खोली! अकराही आतले भाग मागवलेत, बसवले की कळवतो.

सावली | मंगळवार, सकाळी ७:०५

पाणी दोन तृतीयांशावर ठेवल्यापासून बंद होतानाचा ठोका दोन दिवसांत एकदाच पडला, तोही हलका. तेल काढायचं काम रविवारी सहा तास केलं, धारेवर आधी इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत होते, शेवटी शेवटी कमी झाले. काचेतलं नाचणं दोन बोटांवरून एका बोटावर आलंय. पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे. जोडतुकडा मोजला, पाच इंच भरला. उन्हाळ्यात बॉयलर बंद असेल तेव्हा तो आखूड करून घेईन.